प्लेटिंगच्या शेडमधला मुलगा आणि घरात खोकणारे वडील

आपण वडोदऱ्यात मांजलपूरला राहता आणि मकरपुरा जीआयडीसीच्या, म्हणजे औद्योगिक वसाहतीच्या, बाजूच्या एका छोट्या शेडबद्दल विचारले आहे. तिथे पितळी नळ आणि बाथरूम फिटिंगवर आधी बफिंग, म्हणजे फिरत्या चाकावर घासून चकाकी देणे, आणि मग निकेल-क्रोमचे प्लेटिंग, म्हणजे विजेने धातूचा थर चढवणे, होते. एक मुलगा सकाळपासून संध्याकाळपर्यंत तिथे दिसतो. शेठ म्हणतात की आधार कार्डावर चौदा वर्षे पूर्ण आहेत, शिवाय तो काम शिकतो आहे. वडील पूर्वी खंभातला अकीकचे दगड घासायचे, आता घरी असतात, खोकतात, आणि टीबीचा कोर्स दोनदा करूनही त्यांना आराम पडलेला नाही. मुलगा रिकामा हिंडण्यापेक्षा हाताला काम असलेले बरे, असे त्यांचे म्हणणे आहे. आपले प्रश्न तीन आहेत: हे काम खरोखर इतके धोकादायक आहे का, गरिबी हेच याचे कारण समजायचे का, आणि तक्रार केली तर त्या घरची चूल बंद पडेल का.

मी डॉक्टर आहे आणि वडोदऱ्यात बरीच वर्षे कामामुळे होणारे आजार तपासत आले आहे. माझ्या मते आपला खरा प्रश्न तिसराच आहे. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे नीट समजली, तर तिसऱ्याचे उत्तर पुष्कळसे आपोआप मिळते. आपल्या पत्रातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट मुलाबद्दल नसून वडिलांच्या खोकल्याबद्दल आहे, असे मला वाटते. त्याचे कारण पुढे सांगते.

काही गोष्टी मी मुलाला प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय ठरवू शकत नाही. तो टाकीजवळ उभा राहतो, चाकाजवळ बसतो, की फक्त माल पुसून खोक्यात भरतो, यावर धोक्याचे प्रमाण अवलंबून आहे. खरे वय आणि कामाचे तास यांवरही ते अवलंबून आहे. मात्र एवढ्याशा शेडमध्ये टाकीची आणि पॅकिंगची हवा वेगळी नसते. ‘तो फक्त चहा आणतो आणि झाडू मारतो’ हे उत्तर मी समाधानकारक मानत नाही, कारण झाडू मारताना उडते ती बफिंगचीच धूळ असते.

आता कामाविषयी. क्रोमच्या टाकीत वीज सोडली की द्रावणातून बारीक बुडबुडे वर येऊन फुटतात आणि क्रोमिक आम्लाचे अतिसूक्ष्म तुषार हवेत जातात. टाकीच्या कडेला ओढून घेणारा पंखा नसेल, तर ते तुषार वाकून माल बुडवणाऱ्याच्या नाकात आणि हातांवर बसतात. अशा कामावरचा पोरगा तपासायला आला की मी स्टेथोस्कोप लावण्याआधी त्याची बोटे पाहते. बोटांच्या सांध्यांवर आणि नखांच्या मुळाशी गोल, खोल, काठ उचललेली जखम असते, जणू कुणी पंचने भोक पाडले आहे. ती फारशी दुखत नाही, म्हणून मुलगा तिच्याबद्दल बोलतही नाही. मग टॉर्चने नाक पाहायचे. आधी पडद्यावर खपल्या दिसतात, अधूनमधून रक्त येते, आणि पुढे दोन नाकपुड्यांमधल्या त्या पडद्याला आरपार छिद्र पडते. तेही फारसे दुखत नाही. ‘सर्दी राहते’ एवढेच मुले सांगतात. एकदा पडलेले छिद्र आपोआप भरून येत नाही. या क्रोमियमला, म्हणजे त्याच्या षट्संयुजी रूपाला, जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था माणसात कर्करोग करणारा पदार्थ मानते. फुप्फुसाचा तो कर्करोग उमटायला मात्र दशके जातात.

याच कामात कुठे कुठे तांब्याचा थर देण्यासाठी सायनाइडचे द्रावण वापरतात. आम्लाचा डबा आणि सायनाइडचा डबा शेजारीशेजारी असले आणि एकातले दुसऱ्यात पडले, तर काही मिनिटांत माणसे दगावू शकतात. डब्यावर काय लिहिले आहे ते वाचता येणे हीच तिथली पहिली सुरक्षितता असते. नेमकी ज्याची शाळा सुटली आहे, त्यालाच आपण त्या डब्यांजवळ उभे करतो.

बफिंगच्या चाकात हातमोजा किंवा सैल बाही अडकली की बोट सोबत जाते, हे त्या धंद्यातल्या सर्वांना ठाऊक असते. धुळीत धातू असतो, घासणीची पूड असते, कापडाचे तंतू असतात, आणि चाकाच्या आवाजाने कान हळूहळू बधिर होत जातात.

‘मोठी माणसेही हेच करतात’ हा युक्तिवाद मी फार वेळा ऐकला आहे. मोठ्यांनाही हे सोसत नाही, ही पहिली गोष्ट. दुसरी अशी की वाढत्या शरीराचे गणित वेगळे असते. मूल वजनाच्या मानाने मोठ्या माणसापेक्षा अधिक हवा आत घेते, म्हणजे त्याच खोलीत उभे राहून तो अधिक विष घेतो. मुलग्याच्या फुप्फुसांची क्षमता साधारण विशीपर्यंत वाढत असते. वाढीच्या त्या वर्षांत गेलेली क्षमता त्याला नंतर मिळत नाही. हवेत अमुक पदार्थ किती असलेला चालेल याच्या ज्या मर्यादा ठरलेल्या असतात, त्या आठ तास काम करणारा प्रौढ डोळ्यांसमोर ठेवून ठरवलेल्या असतात, आणि मास्कही प्रौढ चेहऱ्याच्या मापाचे असतात. चौदा वर्षांच्या मुलाच्या गालाशी त्यांची कड नीट बसत नाही आणि हवा बाजूने आत जाते. त्याने मास्क लावलेला पाहून आपल्याला हायसे वाटले असेल, तर तेवढ्याने निश्चिंत होऊ नये.

मोठा अपघात झाला की बातमी होते. १ एप्रिल २०२५ रोजी गुजरातमधल्या डीसाच्या फटाक्यांच्या गोदामात स्फोट होऊन २१ जणांचा मृत्यू झाला. मृतांमध्ये मुलेही होती, आणि ती कुटुंबे मध्य प्रदेशातल्या हरदा आणि देवास जिल्ह्यांतून पोटासाठी तिथे आलेली होती. त्या वेळी सगळ्यांनी हळहळ व्यक्त केली, आणि ती खरी होती. पण धोकादायक बालमजुरीची बहुतेक हानी स्फोटासारखी एका क्षणात होत नाही. ती मुलाच्या नाकात, कानात, फुप्फुसात रोज थोडी थोडी होत राहते, आणि ती समोर येते तेव्हा तो मुलगा ‘बालकामगार’ या गणतीत उरलेला नसतो. २०११ च्या जनगणनेत ५ ते १४ वयोगटातली काम करणारी मुले सुमारे १ कोटी १ लाख होती. आपण पाहिलेला मुलगा पंधरा पूर्ण झालेला असेल, तर त्या आकड्यात त्याच्या वयाची मुले धरलेलीच नाहीत.

शेठच्या ‘चौदा पूर्ण’ या मुद्द्याचे उत्तर थोडक्यात देते. १९८६ च्या बालकामगार कायद्यात २०१६ मध्ये मोठी दुरुस्ती झाली. चौदा वर्षांखालील मुलाला कोणत्याही कामावर ठेवण्यास तेव्हापासून बंदी आहे. शाळा सांभाळून घरच्या, धोका नसलेल्या कामात मदत करणे आणि बालकलाकाराचे काम हे दोनच अपवाद आहेत. चौदा ते अठरा या वयातल्या किशोरांना खाणी, स्फोटके व ज्वालाग्राही पदार्थ आणि धोकादायक प्रक्रिया यांत ठेवता येत नाही. धोकादायक प्रक्रिया कोणत्या, हे १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीवरून ठरवले गेले, आणि त्या यादीत इलेक्ट्रोप्लेटिंग आहे, धातू घासून चकचकीत करण्याचे कामही आहे. म्हणजे मुलगा तेरा वर्षांचा असो, चौदाचा असो की सतराचा, या शेडमध्ये त्याला ठेवणे गुन्हाच आहे. मालकाला सहा महिने ते दोन वर्षे कैद किंवा वीस ते पन्नास हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. ‘शिकतो आहे’ ही पळवाटही चालत नाही, कारण शिकाऊ उमेदवारीच्या कायद्यात धोकादायक उद्योगांसाठी किमान वय अठराच आहे. आधार कार्डाबद्दल सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये स्पष्ट केले आहे की ते जन्मतारखेचा पुरावा नाही. बाल न्याय कायद्याप्रमाणे वय ठरवताना आधी शाळेचा दाखला आणि मग जन्माचा दाखला पाहिला जातो.

आता कारणांकडे येते. गरिबी हे कारण आहेच, पण ते उत्तर मला अपुरे वाटते, कारण त्याच वस्तीतल्या तितक्याच गरीब घरातला दुसरा मुलगा शाळेत जात असतो. या दोन घरांत फरक कशाने पडतो, असे विचारत गेल्यावर माझ्या अनुभवात वारंवार तीन गोष्टी पुढे येतात: घरातल्या मोठ्या माणसाचा आजार, त्या आजारासाठी शेठकडून घेतलेली उचल, आणि आठवीनंतर तुटलेली शाळा.

शाळेपासून सुरुवात करते, कारण ते लवकर सांगून होईल. २००९ चा शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वयापर्यंत, म्हणजे आठवीपर्यंत हात धरतो. नववीला वेगळी शाळा, वेगळा प्रवेश, वेगळा खर्च असतो. दाहोद, झाबुआ, अलीराजपूरकडून बांधकामावर आलेल्या कुटुंबांच्या मुलांची शाळा दर हंगामात गाव बदलते, आणि त्यांची साखळी तर त्याआधीच तुटते. शेडमध्ये दिसणारी मुले नेमकी या सांध्यावरची असतात. आपण वडोदरेकरांनी यावर विशेष विचार करायला हवा. सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेलीत आणि १९०६ मध्ये साऱ्या बडोदे संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले, तेव्हा ब्रिटिश हिंदुस्थानात तसे काही नव्हते. मूल शेतात आणि धंद्यात लागते ही तक्रार तेव्हाही होतीच, पण ती ऐकून महाराज थांबले नाहीत.

आजाराविषयी मात्र सविस्तर लिहावे लागेल. अकीक म्हणजे जवळजवळ निखळ सिलिका. तो फिरत्या चाकावर कोरडा घासला की डोळ्यांना न दिसणारी धूळ फुप्फुसाच्या तळापर्यंत जाते. तिथल्या संरक्षक पेशी ती गिळतात, तिच्यामुळे मरतात, आणि त्या जागी घट्ट, निर्जीव व्रण होत जातो. यालाच सिलिकोसिस म्हणतात. त्याला औषध नाही. काम सोडल्यावरही तो वाढत राहू शकतो, आणि त्या फुप्फुसात क्षयरोग सहज शिरतो. खंभातचे अकीक घासणारे, मंदसौरचे पाटीवरच्या पेन्सिली कापणारे, गोध्र्याच्या दगड दळण्याच्या कारखान्यांतून परतलेले अलीराजपूर-झाबुआचे आदिवासी मजूर, या सर्वांची हीच कहाणी आहे. १९८६ च्या कायद्याच्या यादीत नंतर भर पडून पाटीच्या पेन्सिली आणि अकीकच्या वस्तू ही दोन्ही कामेही मुलांसाठी मना झाली होती. पण खंभातला हे काम घरोघर चालत आले आहे, आणि चाक ओसरीत असले की मुले त्या धुळीपासून दूर राहतच नाहीत.

या आजाराचा काळ पाहा. धूळ फार असेल तर सिलिकोसिस पाच-दहा वर्षांत दिसतो, नेहमीचा दहा-वीस वर्षांत. जो विसाव्या वर्षी चाकावर बसला, तो साधारण पस्तिशी-चाळिशीत खचेल. जो बाराव्या वर्षी बसला, तो तिशीच्या आधीच जिना चढताना थांबू लागेल, आणि त्या वेळी त्याचा थोरला मुलगा आठ-दहा वर्षांचा असेल. म्हणजे बाप जितक्या लवकर कामाला लागला, तितक्या लवकर तो आजारी पडतो आणि तितक्या लवकर त्याचे मूल कामाला लागते. लहान वयातले धोकादायक काम हा एका पिढीतला परिणाम पुढच्या पिढीत कारण होऊन बसतो. मी तपासलेल्या कित्येक मुलांच्या कागदावर जेव्हा मी ‘वडील काय करतात’ असे लिहिले, तेव्हा उत्तर ‘आजारी असतात’ हेच आले.

आजारामागून उचल येते. इंजेक्शने, खासगी दवाखाना, गावी जाण्याचे भाडे यांसाठी बाप शेठकडून पैसे घेतो आणि ते मुलाच्या मजुरीतून वळते होतात. इथे प्रकरण बालमजुरीपुरते राहत नाही. कर्जापोटी माणसाला राबवणे १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याने बंद केले आहे आणि तसे कर्ज कायद्याने रद्द समजले जाते. २०१५ च्या बाल न्याय कायद्यातही अठरा वर्षांखालील मुलाला कामासाठी बांधून ठेवणे किंवा त्याची कमाई अडवून ठेवणे, यासाठी पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे.

मालकाच्या बाजूचे कारणही नजरेआड करू नये. मूल स्वस्त असते, उलट बोलत नाही आणि नाकाच्या खपलीसाठी रजा मागत नाही. जोवर तो चालतो, तोवर टाकीला पंखा बसवण्याची गरज शेठला वाटत नाही, आणि शेजारी उभ्या प्रौढ कामगारालाही त्याच हवेत, त्याच कमी मजुरीवर राहावे लागते.

इथवर आल्यावर आपला तिसरा प्रश्न घेते. मुलाला नुसते शेडमधून उचलले आणि घरात आजार, उचल, तुटलेली शाळा तशीच राहिली, तर तो काही आठवड्यांत दुसऱ्या शेडमध्ये दिसेल, किंवा त्याची धाकटी बहीण कुठे भांड्यांना जाईल. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये शिवकाशीच्या फटाके-काडेपेटी कारखान्यांतल्या मुलांच्या प्रकरणात हेच ओळखले होते. प्रत्येक मुलामागे मालकाकडून २०,००० रुपये घ्यावेत आणि सरकारने त्या मुलाऐवजी घरातल्या एका प्रौढाला काम मिळवून द्यावे, ते जमले नाही तर ५,००० रुपये भरावेत, असा तो निर्णय होता. म्हणून मी तक्रार टाळायला सांगत नाही. तक्रारीबरोबर घरातल्या मोठ्या माणसाचीही सोय पाहा, असे सांगते.

क्रम मात्र परिस्थितीवर ठरेल. मुलगा रात्री शेडमध्येच झोपत असेल, त्याला घरी जाऊ देत नसतील, मजुरी उचलीत कापली जात असेल, मारहाण होत असेल, तो चौदाच्या आत दिसत असेल, किंवा हातावर तशा जखमा दिसत असतील, तर वाट पाहू नका. आजच १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर फोन करा. तो नंबर चोवीस तास चालतो आणि आपले नाव सांगितलेच पाहिजे असे नाही. केंद्र सरकारच्या ‘पेन्सिल’ (PENCIL) या बालमजुरीविषयीच्या पोर्टलवरही तक्रार नोंदवता येते. सुटका झाल्यावर मुलाला बाल कल्याण समितीसमोर नेतात. मालकाकडून वसूल झालेला दंड आणि त्यावर सरकारचे १५,००० रुपये मुलाच्या नावाने पुनर्वसन निधीत जमा करण्याची तरतूद कायद्यात आहे. आई-वडिलांना पहिल्या वेळी शिक्षा होत नाही, हे त्यांना आधीच सांगा. भीतीपोटी मुलाला गावी पाठवून देणारी घरे मी पाहिली आहेत.

यांतले काही नसेल आणि मुलगा रोज घरी येत असेल, तर चार-आठ दिवस घेऊन आधी घराशी बोला. शेठशी आपण होऊन वाद घालू नका, त्याने मुलगा तेवढा नाहीसा होतो. आईशी बोलणे बहुधा जास्त उपयोगी पडते. बोलण्याची सुरुवात मुलापासून न करता वडिलांच्या खोकल्यापासून करा. त्यांना सयाजी रुग्णालयाच्या छातीरोग विभागात घेऊन जा आणि केसपेपरवर ‘खंभातला अमुक वर्षे अकीक घासण्याचे काम’ हे शब्द लिहून घ्या. हे मी आग्रहाने सांगते, कारण सिलिकोसिसचे निदान एक्स-रे आणि कामाचा इतिहास एकत्र पाहूनच होते. इतिहास कुणी विचारला नाही की छातीतले डाग टीबीच्या नावावर जातात. अर्थात दोन्ही आजार एकत्रही असू शकतात, म्हणून थुंकीची तपासणी झालीच पाहिजे आणि टीबीची औषधे मनाने बंद करायची नाहीत. निदान अवघड वाटले, तर अहमदाबादची राष्ट्रीय व्यावसायिक स्वास्थ्य संस्था याच विषयात काम करते.

निदानाने वडील बरे होणार नाहीत, हे मी त्या घराला कधी लपवत नाही. पण खासगी दवाखान्यात जाणारा पैसा थांबतो, आयुष्मान कार्डावर दाखल होता येते, आणि नुकसानभरपाई मागायची झाल्यास हातात कागद असतो. आणखी एक गोष्ट घडते, जी मी अनेकदा पाहिली आहे. आपला श्वास चाकावरच्या धुळीने गेला हे बापाला डॉक्टरच्या तोंडून कळले की तो मुलाच्या कामाकडे वेगळ्या नजरेने पाहू लागतो. ‘हिंडण्यापेक्षा बरे’ हे वाक्य मग तो सहसा म्हणत नाही.

त्यानंतर आईला काम, रेशन कार्डावर सर्वांची नावे आणि मुलाची शाळा, या बाबी वस्तीत काम करणाऱ्या एखाद्या संस्थेच्या कार्यकर्त्याला सोबत घेऊन पाहाव्यात. मुलगा आठवी पास असेल आणि त्याला हाताचेच काम आवडत असेल, तर आठवीवर प्रवेश मिळणारे काही आयटीआय ट्रेड आहेत. आठवी झाली नसेल आणि वय चौदाच्या आत निघाले, तर वयाप्रमाणे वर्गात प्रवेश आणि मागे राहिलेला अभ्यास भरून काढण्याचे विशेष वर्ग हा त्याचा हक्क आहे. आधीच्या शाळेचा दाखला नाही म्हणून कोणती शाळा त्याला अडवू शकत नाही. शाळा किंवा ट्रेड यांपैकी एक दार उघडले, तरी शेडची तक्रार करायचीच आहे, कारण त्या टाकीजवळ उद्या दुसरा मुलगा उभा राहील.

आपण जे काही कराल त्यात मुलाचा फोटो कुठेही टाकू नका. तशा मुलाची ओळख उघड करण्यास कायद्याने मनाई आहे, आणि शेठला त्यातून आधीच खबर लागते. लिहून ठेवायचे असेल तर शेडचा पत्ता, मुलगा येण्या-जाण्याच्या वेळा, तो कोणत्या टाकीजवळ किंवा चाकाजवळ असतो, आणि बोटांवर जखमा दिसल्या का, एवढे तारखेसह लिहा. वडिलांचे जुने एक्स-रे घरात कुठे गुंडाळून ठेवलेले असतील, तर ते सगळे तपासणीला सोबत न्या. दोन-तीन वर्षांच्या अंतराचे एक्स-रे शेजारीशेजारी लावून पाहता आले, तर निदान पुष्कळ सोपे होते.